वळण नाही, म्हणून बस नाही

आमच्या घरी गरिबी का आहे, हे शोधायला एकदा एक बाई आल्या होत्या. चढ चढून आल्यामुळे सुरुवातीला बराच वेळ त्या नुसता श्वास शोधत होत्या. तो सापडल्यावर त्यांनी सांगितलं की गरिबीची कारणं दोन प्रकारची असतात, काही घरातली आणि काही प्रदेशातली. आम्हाला फार बरं वाटलं. इतकी वर्षं आम्ही सगळा दोष एकट्या नशिबावर टाकत होतो.

"घरात खाणारी तोंडं किती?" बाईंनी विचारलं.

"सहा," वहिनी म्हणाली.

"आणि कमावणारे हात?"

वहिनीने आपले दोन हात वर केले. एका बोटाला सुई लागली होती, त्यावर चिंधी बांधलेली होती. "हे दोन. त्यातलं एक बोट आज रजेवर आहे."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खाटेवर उशीला टेकून चर्चेत लक्ष घालत होतो. "आणि हे? हे काय करतात?"

"हे बोलतात," वहिनी म्हणाली.

तर घरातली कारणं म्हणजे आम्ही. मी, माझा गुडघा; आमचे वडील, म्हणजे आबा, जे एकेकाळी गवंडी होते आणि आता फक्त दुसऱ्यांच्या भिंतींना नावं ठेवण्यापुरते गवंडी उरले होते; वहिनीची मोठी मुलगी, जिला सगळी वस्ती 'मोठी' म्हणते; आणि दोन जुळे, जे भूक लागली की चार वाटायचे. भाऊ गेला तेव्हा वहिनीने शिलाई मशीन मांडलं आणि ते अजून थांबलेलं नाही. ती शर्टांच्या कॉलर शिवते. फक्त कॉलर. आयुष्यभरात तिने इतक्या कॉलर शिवल्या, पण तिच्या कॉलरखाली शर्ट कसा दिसतो हे तिने कधी पाहिलं नाही.

आणि प्रदेशातलं कारण म्हणजे टेकडी. शहराला पाणी देणारी टाकी आमच्या डोक्यावर आहे, त्यामुळे शहर पाण्यात असतं आणि आम्ही नळाच्या रांगेत. टाकी बांधायची म्हणून वरपर्यंत रस्ता झाला. टाकी झाली, रस्त्याचं काम संपलं आणि आमचं सुरू झालं, कारण बस पायथ्याशी थांबते आणि पुढे आपले पाय. आमच्याकडे वस्तू चढताना महाग होतात आणि माणसं उतरताना स्वस्त होतात. पायथ्याला साधा असलेला कांदा वर पोचेपर्यंत भाव खाऊन टम्म होतो. वहिनीच्या कॉलर मात्र खाली जाईपर्यंत पार सुकतात. ठेकेदार म्हणायचा, "वहिनी, तुमचा हात म्हणजे सोनं, पण मध्ये टेकडी फार." आणि दर वेळी मजुरीतून टेकडी कापून घ्यायचा. इतक्या वेळा कापूनही ती तेवढीच उंच कशी, हे मला कधी कळलं नाही.

आता बसची गोष्ट. मोठी शाळेत होती तेव्हा बसच्या कचेरीतून एक साहेब वस्ती पाहायला आले होते. पायथ्यापासून चालत आले. टाकीसमोरच्या मोकळ्या जागेत पोचले तेव्हा त्यांचा चेहरा पिकलेल्या टोमॅटोसारखा झाला होता आणि तोंडातून फक्त हवा येत होती. आमची पोरं त्यांच्या मागे ओळीने उभी राहून तशीच धापा टाकत होती. त्यातच शेजारच्या एका गृहस्थांनी दात घासून चूळ टाकली, ती नेमकी साहेबांच्या बुटांजवळ. साहेबांनी चारी बाजूंना पाहिलं, बोट हवेत गोल फिरवलं आणि म्हणाले,

"वळण... नाही... इथे. वळण असल्याशिवाय... बस... नाही."

आणि उतरून गेले.

वस्ती सुन्न झाली. संध्याकाळी टाकीसमोर सगळे जमले. एकजण म्हणाला, "रस्त्याबद्दल बोलले असतील." त्याला सगळ्यांनी गप्प केलं. रस्त्याला तर वळणंच वळणं आहेत! पायथ्यापासून इथवर सरळ असा तुकडाच नाही. तेव्हा वळण नाही म्हणाले ते आपल्यालाच, यात शंका उरली नाही. शिवाय बोट गोल फिरवलं होतं, म्हणजे कोणालाही वगळलं नव्हतं.

"खरंच आहे त्यांचं," वहिनी म्हणाली. "पाहुण्याच्या बुटावर चुळा टाकता, वर बस मागता! आधी वळण लावा स्वतःला."

आणि तिने ते लावायला घेतलं. मशीनवर पाय चालूच, तोंडाने शिकवणी चालू. नळावर भांडण नाही, रांग. कोणी आलं की 'या, बसा' म्हणून खुर्ची. दारातून जाताना 'आधी तुम्ही'. शिवी द्यायची झालीच तर घरात, दार लावून, हळू आवाजात. काही वर्षांत आमच्या वस्तीइतकी सभ्य वस्ती शहरात दुसरी राहिली नाही. एकदा एक भुरटा चोर शिरला, तर त्याला दोघांनी खुर्ची आणि एकाने पाणी दिलं. तो इतका घाबरला की पुन्हा फिरकला नाही. सभ्यता वाढत गेली, बस मात्र पायथ्याशीच. "अजून कुठेतरी कमी पडतंय," वहिनी म्हणायची आणि रस्त्यात थुंकणाऱ्याला शोधत फिरायची.

हे असंच चाललं असतं, पण मोठीची निवड झाली.

शहराच्या पलीकडच्या टोकाला मोठं इस्पितळ आहे. तिथे शस्त्रक्रियेच्या खोलीत मदतनीस म्हणून शिकवून तयार करतात. शिकतानाही पगार देतात आणि नंतर कायम ठेवतात. आमच्या घरात कायम असं फक्त माझं गुडघ्याचं दुखणं होतं. निवड कळली तेव्हा जुळ्यांनी भांडी बडवली, आबांनी डोळे पुसून 'धूर फार आहे' म्हटलं (चूल बंद होती), आणि वहिनीने एक कॉलर उलटी शिवली. मी तिला पहिल्यांदाच चुकताना पाहिलं.

अट एकच होती. सकाळी वेळेवर. उशीर झाला की दार बंद, आणि असं दोन-तीनदा झालं की जागा दुसऱ्याला. मोठीला हे नवीन नव्हतं. याआधी औषधाच्या कारखान्यात तिची जागा अशीच गेली होती. पहाटे नळाला पाणी यायचं, ते भरून, टेकडी उतरून ती पायथ्याला पोचायची तेव्हा पहिली बस समोरून निघून जायची. रोज. बसच्या पाठीवरची जाहिरात मोठीला पाठ झाली होती.

"या वेळी मी पळत जाईन," ती म्हणाली.

"अंधारात? त्या उतारावर?" वहिनीने मशीन थांबवलं. "हातपाय मोडून त्याच इस्पितळात जायचंय का?"

"निदान वेळेवर तरी पोचेन."

सोमवारपासून शिकवणी सुरू होणार होती आणि मधे एकच आठवडा होता.

नेमक्या त्याच आठवड्यात आमच्या शेजारच्या खोलीत नवा भाडेकरू आला. बसचा ड्रायव्हर. खाली भाडं परवडत नाही म्हणून वर आलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो दात घासत नळावर आला, तर रांगेतले पाचसहा जण बाजूला सरले आणि म्हणाले, "आधी तुम्ही."

"नाही नाही, तुमचा नंबर आहे."

"छे छे, आधी तुम्ही."

पाणी वाहत होतं आणि कोणी भरत नव्हतं. ड्रायव्हर म्हणाला, "ही कुठली पद्धत हो? असली माणसं मी बसमध्ये एकदाही पाहिली नाहीत."

"कशी पाहाल?" मी खाटेवरून म्हणालो; नळ आमच्या दारासमोरच आहे. "बस येतच नाही ना. वस्तीला वळण लावायचं चाललंय. वळण लागलं की बस देणार आहेत."

आणि मी त्याला सगळी हकीकत सांगितली. चूळ, बोट, धापा, सगळं. ऐकता ऐकता त्याचे डोळे मोठे होत गेले. मग त्याच्या तोंडातून फेस उडायला लागला. आम्हाला वाटलं माणसाला काहीतरी झालं. तो नळाला धरून हसत होता!

"अहो, वळण म्हणजे..." त्याला बोलवेना. "वळण म्हणजे बस वळवायची जागा! वर आलेली बस परत खाली कशी जाणार? फिरायला मोकळी जागा लागते. साहेब ती नाही म्हणाले! तुम्हाला नाही हो, जागेला!"

सगळ्यांनी वहिनीकडे पाहिलं. तिच्या हातात कळशी होती. ती कळशी तिने खाली ठेवली, रिकामीच.

"म्हणजे इतकी वर्षं," ती सावकाश म्हणाली, "मी या लोकांना फुकट सुधारलं?"

मग जो गलका झाला! कोणी हसतंय, कोणी कपाळ बडवतंय, एक गृहस्थ (चूळवाले) 'माझी काही चूक नव्हती!' असं दारोदार सांगत सुटले. पण मोठी तिथे थांबलीच नाही. तिने ड्रायव्हरची बाही धरली आणि त्याला टाकीसमोरच्या मोकळ्या जागेत ओढत नेलं.

"किती जागा लागते? दाखवा. आत्ता."

ड्रायव्हर तोंडावरचा फेस पुसत मधोमध उभा राहिला. कोणीतरी दोरी आणली, कोणीतरी घराला लावायचा चुना आणला. दोरीचं एक टोक त्याने धरलं, दुसरं मोठीने, आणि ती चुना सोडत गोल फिरायला लागली. सगळी वस्ती तिच्या मागून. टाकीची भिंत सुटली, गटार सुटलं, चहाची टपरी थोडक्यात सुटली. लोक टाळ्या वाजवायला लागले. आणि मग पांढरी रेघ आमच्या घराजवळ आली, पत्र्याच्या खोलीच्या दारातून आत गेली, वहिनीच्या मशीनच्या पायांमधून, माझ्या खाटेखालून, आबांच्या चपलांवरून गेली आणि मागच्या भिंतीला जाऊन टेकली.

टाळ्या थांबल्या.

"हे एवढं आड येतंय," ड्रायव्हर हळूच म्हणाला.

अभ्यासाच्या त्या बाई तिथे असत्या तर त्यांना फार आनंद झाला असता. प्रदेशातलं कारण आणि घरातलं कारण एकमेकांना भेटलेलं त्यांना प्रत्यक्ष दिसलं असतं, चुन्याने आखलेलं.

ती पत्र्याची खोली आम्ही नंतर काढलेली. घरात एकच मूळ खोली. माणसं वाढली तशी आबांनी पुढे भिंती घातल्या, वर पत्रा टाकला. मशीनला उजेड तिथेच. मला आणि आबांना झोपायला तिथेच. ती पाडली की सहा माणसं, एक मशीन आणि कॉलरचे गठ्ठे एका खोलीत.

"मशीन कुठे ठेवशील आई?" मोठीने विचारलं. आतापर्यंत धावत असलेला तिचा आवाज एकदम बसला.

वहिनी रेघेकडे बघत उभी होती. "ठेवीन डोक्यावर," ती म्हणाली. "बस आली तर ठेकेदार मजुरीतून काय कापणार? टेकडी तर उरणार नाही. ड्रायव्हर, तुमच्या साहेबांना सांगा, वळण आहे."

"कुठे आहे अजून?"

"रविवारपर्यंत असेल!"

ड्रायव्हर संध्याकाळी निरोप घेऊन आला. साहेब तेच होते, आता बढतीने जाड झालेले. ते म्हणाले, मी रविवारी स्वतः बसमधून येतो. बस एका दमात वळली तर सोमवारपासून पहिली फेरी वरून सुटेल. अडकली तर पुन्हा माझं नाव काढू नका, कारण पलीकडची टेकडीसुद्धा बस मागतेय.

आता सगळी वस्ती घण, पहारी घेऊन आमच्या दारात. फक्त आबा आत. खोलीच्या मधोमध मांडी घालून.

"माझी भिंत आहे," आबा म्हणाले. "मी नाही उठणार."

"आबा, बस येतेय," वहिनी म्हणाली.

"येऊ दे. भेटेल."

आबांचं दुःख मला कळत होतं. त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांची घरं बांधली, ती सगळी मालकाच्या घाईने आणि मुकादमाच्या सिमेंटने. हे एकच काम त्यांनी स्वतःच्या मनासारखं केलं होतं. आम्ही समजावलं, विनवलं. शेवटी मोठी त्यांच्यासमोर बसली.

"राहू द्या आबा," ती म्हणाली. "उगीच उठू नका. तुमची भिंत यांच्याच्याने पडायची नाहीच."

आबांनी एक भुवई वर केली. "नाहीच पडायची."

"बघाच तुम्ही बाहेर बसून. मजा येईल."

आबा मजा बघायला बाहेर येऊन बसले. आणि खरंच मजा आली, पण त्यांनाच. वस्तीतल्या तगड्या गड्यांनी घण घातले. भिंतीचा पोपडासुद्धा उडेना. पत्रा निघाला, दार निघालं, भिंती जशाच्या तशा. शनिवार दुपार झाली. माणसं घामाने निथळली. आबा हसता हसता खोकायला लागले. "मार! अजून मार! तुझ्या बापाने बांधलीय का?"

मोठी मात्र हसत नव्हती. ती एका कोपऱ्यात हातात पहार घेऊन उभी होती, तळव्यांना फोड आलेले. तिने पुन्हा एकदा भिंतीच्या मधोमध पहार घातली, आणि मग पुन्हा, आणि पुन्हा, ओठ दाबून.

आबांचं हसू थांबलं. एखाद्याला चुकीचं काम करताना पाहणं त्यांना जमतच नाही.

"अगं तिथे नाही!" ते ओरडले. "मधे काय मारतेस? भिंत मधून उभी राहते का? खालचा कोपरा बघ, तो काळा दगड! त्याच्यावर सगळा भार आहे. आण इकडे ती पहार. पहार धरायचं वळण नाही एकाला!"

आणि ते उठले. पहार काळ्या दगडाखाली घातली, माझ्याकडे बघून म्हणाले, "हा बघतोय बघ नुसता," आणि जोर दिला. मोठीनेही दिला. दगड हलला. क्षणभर काहीच झालं नाही. मग भिंत, जिला सगळ्या वस्तीने दोन दिवस घण घातले होते ती भिंत, एखादी दमलेली बाई बसते तशी खाली बसली.

धुळीतून आबांचा आवाज आला. "काय पडली! पडायलासुद्धा कशी छान पडली बघा!"

रविवारी सकाळी जागा झाडून लख्ख. उरलेल्या भिंतीला आबांनी रेघेबरहुकूम गिलावा केला होता. माझी खाट उघड्यावर, मशीन आतल्या खोलीच्या उंबऱ्यात. जुळे टाकीवर चढून पाहत होते.

"आली! आली! पहिल्या वळणावर आली!"

"आता दिसत नाही!"

"दिसली! हळू चाललीय! म्हातारीसारखी चाललीय!"

इंजिनाचा आवाज वर यायला लागला तसं आमच्या छातीत तसाच आवाज सुरू झाला. शेवटच्या चढावर तो बारीक झाला, आम्ही सगळ्यांनी श्वास धरला, मग एक मोठी डरकाळी आली आणि बस वर! पाठीवर जाहिरात असलेली तीच बस, आमच्या टाकीसमोर! बायका रडल्या. चूळवाल्यांनी बसच्या चाकाला हात लावून पाहिला.

ड्रायव्हरने आदल्या रात्री बजावलं होतं, जागा मोकळी ठेवा. पण बसच्या दारात साहेब दिसले आणि वस्तीचं इतक्या वर्षांचं वळण जागं झालं. "या, बसा!" चारी बाजूंनी खुर्च्या आल्या. अगदी रेघेच्या आत, ओळीने. लोक स्वागताला दोन रांगा करून उभे राहिले. कोणी पाणी आणलं, कोणी पंखा. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला.

"बाजूला व्हा हो, बस वळायचीय!"

"हो हो," पहिला गृहस्थ म्हणाला. "आधी तुम्ही."

"छे, तुम्ही वडीलधारे. आधी तुम्ही."

"साहेबांच्या आधी आम्ही कसे?"

कोणी हलेना. पुन्हा हॉर्न. खुर्चीत बसवलेल्या साहेबांनी घड्याळ पाहिलं. "मला पलीकडच्या टेकडीवरही जायचंय," ते म्हणाले. "इथे तर काही वळण..."

ते वाक्य पूर्ण होण्याआधीच मोठीचा चेहरा पांढरा पडला. ती प्रत्येकाला हाताने बाजूला सारायला बघत होती आणि प्रत्येकजण तिला म्हणत होता, "आधी तू, बाळ." मी खाटेवरून ओरडलो, नेहमीप्रमाणे कोणी ऐकलं नाही.

मग वहिनीने पदर खोचला.

"ए गाढवांनो!" असा आवाज मी उभ्या जन्मात ऐकला नाही. टाकीवरची कबुतरं उडाली. "हटा तिथून! खड्ड्यात गेलं तुमचं आधी-तुम्ही! उचला त्या खुर्च्या! तू काय बघतोस रे भोपळ्या, पळ! आणि साहेब, तुम्हीपण! उठा! मधे काय बसलात मांजरासारखे!"

जागा एका क्षणात मोकळी झाली. साहेब सर्वांत पुढे पळाले. कोणीतरी मला खाटेसकट उचललं आणि बसच्या मागच्या बाजूला नेऊन आपटलं.

ड्रायव्हरने चाक फिरवलं. बस रेघेवरून सरकायला लागली. टाकीची भिंत गेली. टपरी गेली. बसचं नाक आमच्या घराच्या कापलेल्या कोपऱ्यावरून, आबांच्या ओल्या गिलाव्याला जवळजवळ हुंगत गेलं. आबांनी डोळे मिटले. आणि मी जिथे आपटलो होतो तिथून मला दिसलं की मागचं चाक गटाराकडे सरकतंय. दुसऱ्या कोणाला दिसणं शक्यच नव्हतं. सगळे पुढे, मी एकटा मागे.

"डावीकडे!" मी बोंबललो. "ड्रायव्हर, डावीकडे घे! गटार! अजून! अजून! येऊ दे, येऊ दे, येऊ दे... बास! आता सरळ!"

चाक गटाराच्या काठाला चाटून निघालं. बस वळली. एका दमात. तिचं तोंड खाली शहराकडे झालं आणि ती उभी राहिली, जणू कायम तशीच उभी असते.

यानंतर काय आरडाओरड झाली ती लिहून दाखवता येत नाही. जुळे टाकीवरून उतरताना एकमेकांवर पडले. मोठी बसच्या पत्र्याला गाल लावून उभी होती.

वहिनी मात्र घाबरून साहेबांपुढे गेली. "माफ करा साहेब. मघाशी जरा वळण सुटलं."

"कुठे?" साहेब घाम पुसत म्हणाले. "छान वळली की. चांगलं वळण आहे तुमच्याकडे. उद्यापासून पहिली फेरी."

त्यांना शेवटपर्यंत काही कळलं नाही, आणि आम्हीही सांगितलं नाही. सभ्यपणाच्या काही गोष्टी आम्ही अजून पाळतो.

सोमवारी पहाटे नळावर जुळे उभे राहिले. मोठी नवे नाही पण इस्त्रीचे कपडे घालून बसमध्ये चढली आणि खिडकीशी बसली. ड्रायव्हरने कंडक्टरची एक जुनी शिट्टी मला दिली होती. "काका, मागचं चाक तुमच्याकडे," तो म्हणाला. मी खाट गटाराजवळ नेमकी मांडली, शिट्टी फुंकली, बस वळली आणि पहिल्या वळणाआड गेली. मोठीने हात हलवलेला जुळ्यांना दिसला. मला धूळ दिसली.

वहिनीने त्या दिवशी एकसुद्धा कॉलर धड शिवली नाही. मशीन उंबऱ्यात असल्यामुळे येणारा-जाणारा तिच्या पायावर अडखळत होता आणि ती प्रत्येक वेळी रस्त्याकडे बघत होती. ठेकेदार चहाच्या सुमारास बसनेच वर आला, टेकडीचं नाव घ्यायला तोंड उघडलं, बसकडे पाहिलं आणि म्हणाला, "दोरा फार महागलाय, वहिनी." म्हणजे घरातली आणि प्रदेशातली सोडून आणखीही काही कारणं असावीत.

संध्याकाळच्या फेरीला मोठी उतरली. वहिनी पुढे झाली नाही. मशीनवर बसूनच तिने विचारलं, "पोचलीस?"

"पोचले."

"वेळेवर?"

"लवकर. दार उघडायचं होतं. बाहेर उभी राहिले." मोठीला हसू आवरत नव्हतं. "मग बाकीचे आले, आणि दार उघडल्यावर सगळे घुसायला लागले, तर माझ्या तोंडून गेलं, आधी तुम्ही."

"अगं बावळट!" वहिनी किंचाळली. "मग?"

"मग काय, त्यांनाही लाज वाटली. आम्ही एकदमच आत गेलो." तिने पिशवी खाली ठेवली. ठेवायला जागा नव्हती म्हणून ती आबांच्या मांडीवर ठेवली. "आणि आत नाव लिहून घेताना विचारलं, घरी कोण काय करतं. मी म्हटलं, आई कॉलर शिवते. आजोबा गवंडी, परवाच काम केलंय. मग विचारलं, काका?"

मी शिट्टी तोंडातून काढली. वहिनीचं मशीन थांबलं.

"हे बोलतात, असं नाही ना सांगितलंस?" तिने विचारलं.

"नाही. म्हटलं, काका बस वळवतात."

वहिनीने माझ्याकडे पाहिलं, खाटेकडे पाहिलं, गटाराकडे पाहिलं. बाहेर ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. परतीची फेरी निघायची होती.

"मग बघताय काय भाऊजी?" ती म्हणाली. "उठा. कामावर जा."